हिमोग्लोबिन १२.५, तरी रात्री पाय का शिवशिवतात?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेलं असतं. साखर ताब्यात आलेली असते, गुडघ्यांवरचा भार उतरलेला असतो. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, खोलवर, काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार फेऱ्या मारल्या की थांबतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. पहाटे कधीतरी आपोआप शांत होतं. घरातले म्हणतात, ऑपरेशनमध्ये नस दुखावली असेल, नाहीतर वात असेल. मग रक्त तपासतात, हिमोग्लोबिन १२.५ येतं आणि विषय मिटतो. तो तिथे मिटता कामा नये.

या त्रासाला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. रात्री पायात गोळा येतो तो वेगळा. त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीव कळवळतो. इथे स्नायूला काही झालेलं नसतं. स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४०च्या दशकात या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्याच एकबॉम यांनी १९६६ साली आणखी एक निरीक्षण मांडलं: अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकलेल्या रुग्णांमध्ये हा त्रास दिसतो. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत आयोवा इथे एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास करायला सुरुवात केली. म्हणजे आज जे रुग्ण रात्री येरझाऱ्या घालतात, त्यांच्या दुखण्याचा धागा या शस्त्रक्रियेच्या जन्मवर्षीच हाती लागलेला होता!

तो धागा म्हणजे लोह. आणि इथे मला आद्यांत्राबद्दल (जठराला लागून असलेली लहान आतड्याची सुरुवात, ड्युओडेनम) जरा सविस्तर लिहू द्या, कारण जेमतेम वीतभर लांबीचा हा आतड्याचा तुकडा विलक्षण आहे.

पालेभाजी, डाळ, बाजरी यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं. त्या रूपात ते आतड्याच्या पेशीत शिरू शकत नाही. जठरातलं आम्ल त्याला विरघळलेलं ठेवतं. पुढे आद्यांत्राच्या पेशींच्या कडेवर बसलेलं एक विकर त्याला एक इलेक्ट्रॉन देतं आणि फेरिकचं फेरस होतं. मग डीएमटी-१ नावाचं प्रथिन त्या फेरस अणूला आत ओढतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला फेरोपोर्टिन हे प्रथिन त्याला रक्तात सोडतं. त्यावर पहारा यकृताचा: शरीरात लोह पुरेसं असलं किंवा कुठे दाह असला, की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि फेरोपोर्टिनचं दार बंद होतं. एवढा खटाटोप करून धडधाकट माणूस दिवसाला मिळवतो साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोह.

ही सगळी यंत्रणा आद्यांत्रात आणि त्याला लागून असलेल्या थोड्याशा आतड्यात एकवटलेली आहे. गॅस्ट्रिक बायपासमध्ये, मग ते मिनी का असेना, अन्न नेमका हाच टप्पा वगळून पुढे जातं. शिवाय जठराचा वापरात उरलेला कप्पा इतका लहान, की आम्लही नावापुरतंच. जठर कापून नळीसारखं अरुंद करण्याच्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत आद्यांत्राची वाट शाबूत राहते, पण जठराचा मोठा हिस्सा गेल्याने आम्ल घटतं आणि खाणंही घटतं. पाळी चालू असलेल्या स्त्रियांचं तर दर महिन्याला लोह जातच असतं.

आता पाय का? खरं तर प्रश्न पायांचा नाहीच, मेंदूचा आहे. डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन. ते तयार करण्याच्या साखळीतलं पहिलं विकर, टायरोसीन हायड्रॉक्सिलेज, लोहाशिवाय काम करत नाही. या रुग्णांच्या मेंदूत सबस्टँशिया नायग्रा या भागात लोह कमी असल्याचं एमआरआयमध्ये दिसलं आहे आणि मृत्यूनंतरच्या तपासणीतही. डोपामाइन नुसतं कमी पडतं असं मात्र नाही. त्याची दिवसरात्रीची लय बिघडते, आणि तूट संध्याकाळनंतर जाणवते. रक्तातलं लोहसुद्धा सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं. म्हणून दुपारी सिनेमा निवांत पाहता येतो आणि रात्री अकराला पाय स्वस्थ बसत नाहीत.

हिमोग्लोबिन चांगलं येतं, कारण टंचाईतही शरीर साठ्यातलं लोह आधी रक्तपेशींना पुरवतं. ताटात भाकरी दिसते म्हणून कणगीत ज्वारी आहे असं होत नाही. कणगी पाहायची तर फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, तपासायला हवं. जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन २० आलं तरी 'नॉर्मल' छापलेलं असू शकतं. पण या त्रासात ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. दाह असला की फेरिटिन फुगतं, म्हणून सॅच्युरेशनही पाहायचं. ते २० टक्क्यांखाली असेल तर तीही कमतरताच.

पाय हलवले की घरातली लक्ष्मी जाते, असं बजावून आपण या माणसांना ओशाळं करतो, ते थांबायला हवं. घोट्याला बांधलेला काळा दोरा किंवा मनगटातलं लोखंडी कडं रक्तात लोहाचा एक अणूही घालत नाही. 'मॅग्नेशियम स्प्रे'वर पैसे घालवण्याआधी फेरिटिन तपासून घ्या.

उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा, पण काही गोष्टी हातातल्या आहेत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा. चहाही लांब ठेवा, लिंबूपाणी चालेल. झुरिचमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये दाखवलं, की गोळी घेतल्यावर हेप्सिडिन जवळपास दिवसभर चढलेलं राहतं, आणि एक दिवसाआड दिल्यास प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. तुमच्यासाठी कोणतं वेळापत्रक योग्य, हे विचारून घ्या. बायपासनंतर गोळ्यांनी फेरिटिन हलत नसेल, तर शिरेतून लोह देतात. आद्यांत्राचा प्रश्नच उरत नाही. मात्र मेंदूतलं लोह भरायला आठवडे लागतात.

तोवर रात्र काढायची कशी? संध्याकाळनंतर कॉफी आणि मद्य नको. झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं, चोळणं, कोमट पाण्यात पाय बुडवणं यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. जागं राहावंच लागलं, तर शब्दकोडं किंवा विणकाम घ्या. मन गुंतलं की शिवशिव मंदावते. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड त्रास वाढवतात. मेटोक्लोप्रमाइड तर थेट डोपामाइनच अडवतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं, पण त्या परस्पर बंद करू नका.

आणि तळपाय बधिर होत असतील, पायातली ताकद जात असेल, चालताना तोल जात असेल, तर तो हा आजार नव्हे. जीवनसत्त्व बी-१, बी-१२ किंवा तांब्याची कमतरता मज्जातंतूंना इजा करते. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील आणि सोबत ही लक्षणं असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी बी-१ द्यावं लागतं, म्हणून आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे दारातच सांगा.