परदेश प्रवासासाठी ई-सिम

परदेशात इंटरनेट चालावे म्हणून फोनमध्ये कायमच्या बसवलेल्या चिपवर दुसऱ्या मोबाइल कंपनीची जोडणी उतरवून घेणे, याला बोलीत 'ई-सिम टाकणे' म्हणतात. हातात धरून टाकण्यासारखे काही नसते. जुन्या प्लास्टिक सिमवरून शब्द तसाच चालत आला आहे. नाशिकमधून ई-सिम घेऊन जाणाऱ्यांत युरोपातल्या खरेदीदारांना भेटायला निघालेले पिंपळगाव-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले इंजिनिअर असतात, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आया असतात आणि सहल कंपनीबरोबर युरोप पाहायला जाणारी ज्येष्ठ मंडळीही असतात. यातल्या बहुतेकांचे विमान मुंबईहून असते, आणि ई-सिमचे काम 'गाडीत बसल्यावर बघू' म्हणून मागे राहते. ते घरीच, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, वाय-फायवर करावे. नाशिक ते मुंबई विमानतळ हे सुमारे १७० किलोमीटरचे अंतर निवांत वाटते खरे, पण इगतपुरी-कसारा पट्ट्यात डोंगर आहेत, समृद्धीने गेल्यास सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि अर्धवट उतरलेले ई-सिम ही पहाटेच्या विमानाआधी सोडवत बसण्याची गोष्ट नव्हे.

चिप आणि तिच्यावरची ओळख

सिम मुळात एक छोटा संगणकच. त्यात ग्राहकाचा ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली सिममधून कधीही बाहेर पडत नाही; नेटवर्कने टाकलेले कोडे किल्लीच्या मदतीने सोडवून सिम फक्त उत्तर पाठवते. पहिली सिम कार्डे १९९१ मध्ये म्युनिकच्या गीजेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीसाठी बनवली. ही जर्मन कंपनी त्याआधी शंभराहून अधिक वर्षे नोटा छापत होती. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या नाशिक रोडच्या माणसाला हे नाते सहज कळेल. नक्कल होऊ न देणे हेच नोटेचे आणि सिमचेही मुख्य काम. भारताचे पासपोर्टही नाशिक रोडच्याच भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात, आणि नव्या ई-पासपोर्टमध्येही एक चिप असते. म्हणजे नाशिककर प्रवाशाच्या खिशात आता दोन चिपा असतात, एक पासपोर्टात आणि एक फोनमध्ये.

पुढच्या वीस वर्षांत सिम आकाराने लहान होत गेले. २०१२ मध्ये आलेले नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे, म्हणजे नखाएवढे. त्याहून लहान करण्यापेक्षा ते काढता-घालता येण्याची सोयच सोडून द्यावी, या विचारातून ई-सिम आले. जगभरच्या मोबाइल कंपन्यांची संघटना जीएसएमए हिने ग्राहकांच्या उपकरणांसाठी ई-सिमचे मानक २०१६ मध्ये जाहीर केले. २०१७ च्या ऑक्टोबरात गूगलच्या पिक्सेल २ मध्ये, तर २०१८ मध्ये आयफोन एक्सएस आणि एक्सआरमध्ये ई-सिम आले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून २०२२ मध्ये सिमचा ट्रेच काढून टाकला गेला.

ई-सिममध्ये चिप फोनची असते, तिच्यावरची 'प्रोफाइल', म्हणजे ग्राहकाची ओळख आणि किल्ली, कंपनीची. विकत घेतल्यावर विक्रेता क्यूआर कोड पाठवतो, पण त्या कोडमध्ये सिम नसते. त्यात फक्त एका सर्व्हरचा पत्ता आणि एक परवलीचा कोड असतो. फोन त्या सर्व्हरशी बोलतो, दोघे एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात आणि मग प्रोफाइल कुलूपबंद अवस्थेत त्या एकाच चिपसाठी उतरते. ती दुसऱ्या फोनवर कॉपी करता येत नाही, आणि म्हणूनच बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात.

आपल्या फोनमध्ये आहे का

डायलरवर *#०६# दाबावे. आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकांबरोबर ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनांत ती अनेकदा नसते. चीन-हाँगकाँगच्या बाजारासाठी बनलेल्या अनेक आयफोनांत तिच्याऐवजी दोन प्लास्टिक सिमची सोय असते. याउलट, अमेरिकेतल्या भाच्याने आणून दिलेल्या नव्या आयफोनला ट्रेच नसतो, त्यामुळे घरचा भारतीय नंबरही ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो. असा फोन तिथल्या कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला असेल तर तो त्याच कंपनीपुरता 'लॉक' असू शकतो, मग दुसरे कुठलेही सिम चालत नाही. फोन घेतानाच हे विचारून ठेवावे.

घरचा नंबर जिवंत ठेवणे

परदेशी इंटरनेट ही यातली सोपी बाजू. अवघड बाजू घरच्या नंबरची आहे, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, यूपीआय त्याच सिमला बांधलेले असते आणि विमान रद्द झाल्याचा निरोपही तिथेच येतो. विमानतळावर उतरून स्थानिक सिम घालण्याची जुनी पद्धत इथेच मार खाते. घरचे सिम पाकिटात जाते, पाकीट हॉटेलात राहते आणि कार्डाने पैसे भरताना ओटीपी कुठल्याच फोनवर येत नाही. ई-सिममुळे घरचे सिम ट्रेमध्येच राहते आणि प्रवासाचे सिम त्याच्या शेजारी चिपवर चालते. परदेशी नेट स्वस्त मिळते म्हणून लोक ई-सिम घेतात, पण घरचा नंबर हलवावा लागत नाही हा फायदा त्याहून मोठा आहे.

ओटीपीचा एसएमएस परदेशात यायचा तर नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग आधी सुरू करून घ्यावे लागते, आणि परतीच्या तारखेपर्यंत रिचार्जची मुदत असावी लागते. येणाऱ्या एसएमएसचे पैसे बहुतेक कंपन्या घेत नाहीत. काही प्रीपेड योजनांत मात्र रोमिंग सुरू राहण्यासाठी छोटा वेगळा पॅक लागतो, तो निघण्याआधी विचारून घ्यावा. येणाऱ्या कॉलची गोष्ट वेगळी. परदेशात घरच्या नंबरवर आलेला कॉल उचलला की मिनिटाप्रमाणे पैसे लागू शकतात. म्हणून घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच फोन करायला सांगून ठेवावे. नवे सिम जोडल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने 'नंबर बदलायचा का' असे विचारले तर जुनाच ठेवावा.

एक चूक कटाक्षाने टाळावी. प्रवास जवळ आला म्हणून घरचाच नंबर प्लास्टिकमधून ई-सिममध्ये बदलायला काहीजण घेतात. भारतात सिम बदलले की फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद ठेवले जातात. यूपीआय अ‍ॅपही पुन्हा नोंदणी मागू शकते, आणि तिच्यासाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो. संध्याकाळी सिम बदलून रात्री मुंबईला निघालेला माणूस दुबईत उतरेपर्यंत ओटीपीविना असतो. शिवाय परदेशात फोन पडून फुटला तर प्लास्टिक सिम दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. ई-सिम तसे हलवायला कंपनीची मदत आणि बहुधा ओटीपीच लागतो. घरचा नंबर प्लास्टिकवर असेल तर प्रवासापुरता तो तसाच राहू द्यावा.

क्यूआर कोड आणि झेरॉक्सचे दुकान

महात्मा गांधी रोडवरच्या एका मोबाइलच्या दुकानात साठीच्या एक काकू आल्या होत्या. लेकाने टोरांटोहून ई-सिम विकत घेऊन कोड पाठवला होता.

"अरे, कोड आलाय बघ. पण कॅमेरा उघडला की कोडच गायब होतो, आणि कोड उघडला की कॅमेरा."

"काकू, ज्या फोनवर कोड आहे त्याच फोनने तो कसा वाचणार? शेजारी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन कागदावर काढून आणा."

पाच मिनिटांत काकू ए-फोर कागद घेऊन परत आल्या. दुकानातल्या मुलाने तो काउंटरच्या काचेवर सपाट ठेवला आणि काकूंच्याच हातात फोन देऊन सेटिंग्जमधून कोड वाचायला लावला. नव्या जोडणीला काय नाव द्यायचे, असे फोनने विचारल्यावर त्याने 'कॅनडा' लिहिले आणि जुन्या सिमचे नाव बदलून 'घर' केले. मग कागद घडी करून परत दिला. "हा पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवा. कोड पुन्हा चालेलच असं नाही, पण ऑर्डर नंबर यावर आहे."

जे त्या मुलाला माहीत होते ते विक्रेत्यांच्या सूचनांत क्वचितच इतके स्पष्ट लिहिलेले असते. कागद नसेल तर कोड दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडावा. नव्या आयफोनांत कोडच्या चित्रावर बोट दाबून धरले तरी ई-सिम जोडण्याचा पर्याय येतो. तेही जमले नाही तर सर्व्हरचा पत्ता आणि कोड हाताने भरता येतो. त्यात कॅपिटल अक्षरे आणि मधल्या खुणा जशाच्या तशा लिहाव्या लागतात. कोड कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. जो आधी वाचेल त्याच्या फोनमध्ये सिम जाते, मग तो मदतीला धावलेला भाचा का असेना.

रोमिंग सुरू की बंद

नाशिकला परतलेल्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'ई-सिम घेतलं, पण नेट चाललंच नाही'. कारण बहुतेक वेळा एकच असते. परदेशी जाताना रोमिंग बंद ठेवायचे, हा धडा आपण मोठ्या बिलांच्या धाकाने घोकून ठेवलेला असतो. पण प्रवासाचे ई-सिम त्या देशातले नसतेच. विक्रेत्याने ते तिसऱ्याच एखाद्या देशातल्या कंपनीकडून घाऊक घेतलेले असते, आणि जर्मनी असो वा जपान, ते तिथे पाहुणेच असते. म्हणून त्या ई-सिमवर डेटा रोमिंग सुरू असावे लागते आणि घरच्या सिमवर बंद. दोन सिम, दोन वेगळी बटणे. हे एकदा मनात बसले की निम्म्या अडचणी उरत नाहीत.

आणखी एक बटण लपलेले असते. ज्या सिमला सिग्नल चांगला तिकडे डेटा आपोआप वळवण्याची सोय अनेक फोनांत असते. ती सुरू राहिली आणि घरच्या सिमवरचे रोमिंग बंद करायचे राहिले, तर ई-सिमचा सिग्नल गेल्याबरोबर फोन गुपचूप घरच्या सिमवरून नेट ओढू लागतो आणि बिल चढते. हे बटण निघण्याआधीच बंद करावे. सगळे बरोबर असूनही नेट आले नाही, तर विमान मोड लावून काढावा. तरीही नाही तर सिमच्या सेटिंग्जमधला एपीएन (नेटशी जोडणाऱ्या वाटेचे नाव) हा रकाना तपासावा आणि विक्रेत्याच्या पत्रात दिलेला शब्द तिथे भरावा.

पाहुण्या सिमचा एक परिणाम चीनमध्ये दिसतो. रोमिंगवरचा डेटा सहसा सिमच्या मूळ देशातून फिरून येतो, त्यामुळे तिथे बंद असलेले व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल अशा सिमवर बहुधा चालतात, हॉटेलच्या वाय-फायवर चालत नाहीत.

पॅक निवडताना

देशांची यादी नीट वाचावी. मराठी माणसाची युरोप सहल स्वित्झर्लंडचा बर्फ पाहिल्याशिवाय पुरी होत नाही, पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे जादा दर उठले. ती सवलत स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही आणि ब्रिटनही आता संघाबाहेर आहे. 'युरोप' लिहिलेल्या एका पॅकमध्ये हे दोन्ही देश असतात, दुसऱ्यात नसतात. मुदत कधी सुरू होते तेही पाहावे. काही पॅकची मुदत परदेशी नेटवर्कला जोडल्यावर सुरू होते, काहींची सिम उतरवल्याबरोबर. दुसऱ्या प्रकारचे सिम आठवडाभर आधी उतरवले तर आठवडा वाया जातो.

बहुतेक प्रवासी ई-सिमांना फोन नंबर नसतो, फक्त नेट असते. टॅक्सीवाल्याला साधा कॉल करता येत नाही. त्यातच संयुक्त अरब अमिरातीच्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल अडवलेले असतात, निरोप मात्र जातात. डेटा सर्वांत जास्त खातात ते नातवंडांशी केलेले व्हिडिओ कॉल आणि मागे चालू राहिलेला फोटोंचा बॅकअप. बॅकअप फक्त वाय-फायवर होईल असे घरूनच करून ठेवावे आणि शहराचा नकाशा आधी उतरवून घ्यावा.

परवानगी आणि फसवणूक

परदेशी कंपन्यांचे सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जानेवारी २०२४ मध्ये याच कारणावरून काही परदेशी विक्रेत्यांची अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरांवरून काढण्यात आली. त्यामुळे आपल्या मोबाइल कंपनीचा रोमिंग पॅक किंवा परवानाधारक भारतीय विक्रेता यांची चौकशी आधी करावी; चार-पाच दिवसांच्या सहलीला कंपनीचा पॅकही अनेकदा पुरतो.

'तुमचे सिम ई-सिममध्ये बदलून देतो' म्हणून स्वतःहून आलेला फोन ताबडतोब ठेवावा. त्यांनी पाठवलेली लिंक मान्य केली तर आपला नंबर त्यांच्या फोनवर जातो आणि त्यामागून बँकेचे ओटीपीही. आपल्या फोनवरचे नेटवर्क अचानक गेले आणि परत आलेच नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

परतल्यावर

विमान मुंबईत उतरले की डेटा पुन्हा घरच्या सिमवर न्यावा लागतो. तो आपोआप जात नाही, आणि नाशिकची गाडी बुक करायला फोन काढला की तिथेच विमानतळावर हे लक्षात येते. प्रवासाचे ई-सिम लगेच पुसू नये. डेटा उरला असेल, किंवा त्याच विक्रेत्याकडून पुन्हा भरून घेता येत असेल, तर ते बंद करून चिपवर राहू द्यावे. अलीकडच्या आयफोनांत अशी आठ किंवा अधिक ई-सिम साठवता येतात. फोन विकायचा किंवा मुलाला द्यायचा असेल, तेव्हाच आठवणीने पुसावे.