आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय

आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय हे उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांतील देशांच्या, म्हणजे अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या चौकटीत काम करणारे प्रादेशिक आंतरराष्ट्रीय न्यायालय असून त्याचे कामकाज कोस्टा रिकाची राजधानी सान होसे येथून चालते. व्यक्तीचे हक्क पायदळी तुडवल्याबद्दल खुद्द सरकारला जाब विचारणे हे त्याचे काम आहे. ते गुन्हेगाराला तुरुंगात पाठवत नाही. राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवते आणि त्या जबाबदारीतून काय करणे भाग आहे ते सांगते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश देशाविरुद्ध उभा राहतो. इथे सरकारच्या समोर बहुधा एखादी आई, एखादे गाव किंवा एखादा जंगलवासी समाज उभा असतो.

या न्यायालयाची मुळे १९४८ सालच्या बोगोटा परिषदेत आहेत. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झाला. त्याच्या काही महिने आधीच अमेरिकी देशांनी आपला जाहीरनामा केला होता. १९५९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोग स्थापन झाला, २२ नोव्हेंबर १९६९ रोजी सान होसे येथे अमेरिकी मानवाधिकार करार झाला आणि तो १८ जुलै १९७८ रोजी अमलात आला. ३ सप्टेंबर १९७९ रोजी न्यायालयाचे उद्घाटन झाले तेव्हा चिली, अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत लष्करी राजवटी होत्या. ज्या काळात न्यायालयाची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच काळात त्याच्यासमोर यायला सरकारे तयार नव्हती. न्यायालयात सात न्यायाधीश असतात. त्यांची मुदत सहा वर्षांची असून ते एकदा फेरनिवडीस पात्र असतात. पहिल्या न्यायाधीशांपैकी थॉमस बर्गेन्थाल हे लहानपणी आउश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले होते. ते अमेरिकेचे (युनायटेड स्टेट्सचे) नागरिक असले तरी त्या देशाने करार मान्य केलेला नसल्यामुळे त्यांचे नाव कोस्टा रिकाने सुचवले होते.

व्यक्तीला या न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. देशातील न्यायालयांचे दरवाजे ठोठावून झाल्यावर तक्रार वॉशिंग्टन येथील आयोगाकडे जाते आणि आयोगाला योग्य वाटल्यास प्रकरण सान होसेला पोहोचते. त्यामुळे आरंभीची काही वर्षे न्यायालय केवळ सल्लादायी मते, म्हणजे कराराच्या अर्थाबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, देत राहिले. आयोगाने पहिले खटले पाठवले ते १९८६ मध्ये, आणि ते तिन्ही होंडुरासविरुद्धचे होते.

त्यांतील वेलास्केस रोद्रिगेस खटला हा या न्यायालयाच्या इतिहासाचा कणा मानला पाहिजे. होंडुरासने ९ सप्टेंबर १९८१ रोजी न्यायालयाचा अधिकार मान्य केला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १२ सप्टेंबरला दुपारी साडेचार ते पाचच्या दरम्यान, तेगुसिगाल्पा शहरातील एका वाहनतळावर साध्या वेशातील सशस्त्र माणसांनी मॅनफ्रेडो वेलास्केस या विद्यार्थ्याला पकडले आणि नंबरप्लेट नसलेल्या पांढऱ्या फोर्ड गाडीतून नेले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. पोलीस आणि लष्कर यांनी कानांवर हात ठेवले. सुनावणी सुरू असताना, जानेवारी १९८८ मध्ये, साक्षीसाठी बोलावलेला एक सार्जंट आणि आधी साक्ष दिलेले एक मानवाधिकार कार्यकर्ते यांच्या हत्या झाल्या. अशा परिस्थितीत पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न होता. माणसाला बेपत्ता करण्याचा हेतूच पुरावा नष्ट करण्याचा असतो, तेव्हा थेट पुरावा नाही या सबबीवर सरकारला सोडून देणे म्हणजे त्या पद्धतीलाच बक्षीस देणे होय, हे न्यायालयाने ओळखले. त्याने १९८१ ते १९८४ या काळात होंडुरासमध्ये १०० ते १५० माणसे सारख्याच रीतीने नाहीशी झाल्याचे पाहिले, त्या रीतीशी वेलास्केसचे प्रकरण जुळते का हे तपासले आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर निष्कर्ष काढला. २९ जुलै १९८८ च्या निकालातील दुसरा भाग आणखी दूरगामी ठरला. पळवून नेणारे हात सरकारी होते हे एखाद्या प्रकरणात सिद्ध झाले नाही, तरीही गुन्हा रोखणे, त्याचा मनापासून तपास करणे, दोषींना शिक्षा देणे आणि नुकसान भरून देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे आणि त्यात कुचराई झाली तर ते करारभंगाचे दोषी ठरते, असे त्यात म्हटले आहे. हा विचार पुढे युरोपातील आणि आफ्रिकेतील मानवाधिकार संस्थांपर्यंतही पोहोचला.

दुसरे वळण पेरूमधून आले. ३ नोव्हेंबर १९९१ रोजी लिमा शहराच्या बारिओस आल्तोस वस्तीत इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवायला रहिवाशांनी जेवणाचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात घुसलेल्या लष्करी पथकाने १५ जणांना ठार केले. मृतांत आठ वर्षांचा एक मुलगा होता. १९९५ मध्ये एका न्यायाधीशाने तपास सुरू करताच संसदेने घाईघाईने माफीचा कायदा केला. अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या सरकारने १९९९ मध्ये न्यायालयाचा अधिकारच झुगारून देण्याचा प्रयत्न केला, पण करार कायम ठेवून केवळ न्यायालयातून बाहेर पडता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. फुजिमोरी यांची सत्ता गेल्यानंतर, १४ मार्च २००१ रोजी, गंभीर अत्याचार करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या अशा माफी कायद्यांना कायदेशीर परिणामच नाही, असा निकाल आला. अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हुकूमशाहीतील अधिकाऱ्यांना वाचवणारे कायदे रद्द करताना याच निकालाचा आधार घेतला. फुजिमोरी यांना २००९ मध्ये पेरूच्याच न्यायालयाने २५ वर्षांची शिक्षा सुनावली. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये सान होसेचा आक्षेप डावलून त्यांची सुटका करण्यात आली.

न्यायालयाचा खरा प्रभाव अशा रीतीने देशोदेशींच्या न्यायाधीशांमार्फत पसरला आहे. २००६ मध्ये चिलीविरुद्धच्या आल्मोनासिद खटल्यात त्याने याला तत्त्वाचे रूप दिले. करार स्वीकारलेल्या देशातील प्रत्येक न्यायाधीशाने आपल्या देशाचा कायदा कराराशी व या न्यायालयाने लावलेल्या अर्थाशी ताडून पाहावा, असे ते तत्त्व आहे. राष्ट्रीय सार्वभौमत्वावर हे अतिक्रमण आहे, अशी टीका त्यावर होते. ती टीका गंभीरपणे घेण्यासारखी असली, तरी ज्या देशांत संसदाच माफीचे कायदे करत होत्या तिथे दुसरा उपाय कोणता होता, याचे उत्तर टीकाकारांकडून क्वचितच मिळते.

जमिनीच्या हक्कांबाबत न्यायालयाने केलेले काम भारतीय वाचकाला विशेष जवळचे वाटेल. निकाराग्वातील आवास तिंग्नी या मायांग्ना समाजाच्या जंगलात सरकारने एका कंपनीला लाकूडतोडीची परवानगी दिली होती. समाजाकडे कागद नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. करारातील मालमत्तेच्या हक्कात सामूहिक मालकीही येते, असा निकाल ३१ ऑगस्ट २००१ रोजी लागला. सुमारे ७३,००० हेक्टरांचा मालकीपत्र-दस्त समाजाच्या हाती पडायला मात्र २००८ चा डिसेंबर उजाडला. एक्वाडोरमधील सारायाकू समाजाच्या जंगलात तेलशोधासाठी सुमारे १,४०० किलो स्फोटके पेरलेली होती. तिथे २०१२ मध्ये न्यायाधीशांचे शिष्टमंडळ स्वतः गेले, आणि गावकऱ्यांसमोर सरकारच्या प्रतिनिधीने जबाबदारी मान्य केली. मेक्सिकोतील स्यूदाद हुआरेस शहरात कापसाच्या शेतात तरुणींचे मृतदेह सापडल्याच्या प्रकरणात, २००९ मध्ये, भरपाईबरोबर जाहीर माफी आणि स्मारक यांचाही आदेश दिला गेला. पैसे देऊन प्रकरण मिटत नाही, ही जाणीव या आदेशांत दिसते.

मराठी वाचकांना कुलभूषण जाधव खटल्यामुळे माहीत झालेला वकिलातीशी संपर्काचा हक्कही या न्यायालयाच्या कामाचा विषय राहिला आहे. परदेशात अटक झालेल्या व्यक्तीला तो हक्क सांगितलाच पाहिजे आणि तो न्याय्य सुनावणीचा भाग आहे, असे मत त्याने मेक्सिकोच्या विनंतीवरून १ ऑक्टोबर १९९९ रोजी दिले. जाधव प्रकरणाचा हेग येथील निकाल त्यानंतर वीस वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये आला. आशिया खंडात असे प्रादेशिक मानवाधिकार न्यायालय आजही नाही.

अमेरिकेने १९७७ मध्ये करारावर सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. कॅनडा करारात नाही. देहदंडाच्या वादातून त्रिनिदाद व टोबॅगोने १९९८ मध्ये आणि राजकीय विरोधातून व्हेनेझुएलाने २०१२ मध्ये करार सोडत असल्याची नोटीस दिली. निकालाची अंमलबजावणी करून घ्यायला न्यायालयाकडे पोलीस नाहीत. त्यामुळे ते खटला निकालाने बंद करत नाही, तर आदेश पाळले जाईपर्यंत सरकारांकडून अहवाल मागवते आणि वेळोवेळी सुनावण्या घेते. सरकारे भरपाई देतात, समारंभपूर्वक माफीही मागतात. अपराध्यांवर खटला भरण्याची वेळ आली की मात्र फाइल वर्षानुवर्षे हलत नाही. मॅनफ्रेडो वेलास्केस यांच्या कुटुंबाला भरपाई मिळाली, पण त्यांचे अवशेष मिळाले नाहीत.