आत्मचरित्र इंग्रजांनी आणलं?

'स्वतःचं आयुष्य लिहायची पद्धत आपल्याकडे नव्हती, ती इंग्रजी शिक्षणाबरोबर आली' असं सर्रास सांगितलं जातं. पुरावा म्हणून १८८८ सालचं बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र पुढे केलं जातं. पुस्तक मोलाचंच आहे, पण सुरुवात तिथली नाही.

जौनपुरात जन्मलेल्या बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली पद्यात 'अर्धकथानक' लिहिलं. वय ५५. माणसाचं पूर्ण आयुष्य ११० वर्षांचं धरल्यामुळे ही कथा अर्धी. व्यापारातलं नुकसान, मुलांचे मृत्यू, स्वतःची शृंगारिक रचना गोमतीत फेकून देणं, सगळं त्यात आहे.

मराठीत संत बहिणाबाई (१६२८–१७००) आहेतच. देवगावचा जन्म, कोल्हापुरातलं कीर्तन, पाठोपाठ फिरणारं वासरू, नवऱ्याने केलेली मारहाण आणि स्वप्नात तुकोबांचा उपदेश, हे त्या अभंगांत क्रमाने सांगतात. मारहाणीबद्दल इतकं उघड बोलणं मला फार धाडसाचं वाटतं. नाना फडणवीसांनी तर गद्यातच लिहिलं: तरुणपणीचे मनाचे विकार आणि १७६१ च्या पानिपतावरून जीव वाचवून परतणं.

मग गैरसमज का टिकला? आपण छापील, गद्य, स्वतंत्र पुस्तकच शोधतो. अभंग 'भक्ती'च्या कपाटात जातात, नानांचा मजकूर 'इतिहासाची साधनं' म्हणून बाजूला पडतो. मात्र वाचताना एक जपा: बहिणाबाई स्वतःचे मागचे १२ जन्मही सांगतात. तो भाग सनावळीसाठी वापरला, की घोटाळा ठरलेला.