मोटर थांबली म्हणजे बॅटरी गेली असं नाही
ई-सायकलची मोटर मध्येच थांबली की ‘बॅटरी गेली, नवी टाका’ हा सल्ला ठरलेला. हा समज चुकीचा आहे आणि खिशाला फार महागात पडतो. आधी डिस्प्ले बघा. तो लागत असेल, तर बॅटरीतून वीज येते आहे.

माझा पहिला संशय ब्रेकवर. बऱ्याच ई-सायकलींच्या ब्रेक लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा कटऑफ स्विच असतो. चिखलाने लिव्हर अडकला, पुरता मागे आला नाही, की कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) समजतो ब्रेक दाबलेलाच आहे. सायकल स्टँडवर घ्या, पॉवर बंद करा, एका लिव्हरचा कनेक्टर काढा आणि पुन्हा चालू करून बघा, मग दुसऱ्याचा. मोटर फिरली तर दोष सापडला. (तशीच रस्त्यावर मात्र नेऊ नका.)

चढावर डिस्प्लेसकट सगळंच विझत असेल, तर गोष्ट वेगळी. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट दाखवते. लोड आला की व्होल्टेज उतरतं आणि ३०च्या आसपास पुरवठा तुटतो. तेव्हाही आधी बॅटरी काढून तिच्या पिना बघा. काळ्या पडलेल्या, सैल पिनांवरच बरंच व्होल्टेज वाया जातं. त्या ठीक असूनही तेच होत असेल, तर मगच बॅटरीच्या आतले सेल तपासायला द्या.