ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताना: मान्यता, डीईबी आयडी, कागदपत्रे आणि पहिल्या सत्राची तयारी

नोकरी किंवा घर सांभाळून बी.ए., बी.कॉम., बीबीए, एम.कॉम., एमबीए असे अभ्यासक्रम आता पूर्णपणे ऑनलाइन करता येतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र त्यासाठी तो अभ्यासक्रम, त्या सत्रात, ऑनलाइन पद्धतीने चालवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे असावा लागतो. या तीनपैकी एक गोष्ट जरी नसली तरी नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या वेळी पदवी अडते. त्यामुळे विद्यापीठाचा फॉर्म उघडण्याआधी यूजीसीची यादी उघडावी.

मान्यता कशी तपासायची

यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठांची वर्षवार आणि सत्रवार यादी असते. वर्षातून दोन प्रवेशसत्रे असतात, एक जानेवारीच्या आसपास आणि दुसरे जुलैच्या आसपास. यादीत विद्यापीठाचे नाव दिसले म्हणून तिथेच थांबू नका. त्याच विद्यापीठाचे एम.कॉम. यादीत असते आणि एमबीए नसते, असे होऊ शकते. अभ्यासक्रमाचे नाव अक्षरशः जुळते का पाहा आणि समोर ‘ऑनलाइन’ लिहिले आहे की ‘ओडीएल’, म्हणजे दूरस्थ, हेही पाहा. दूरस्थ अभ्यासक्रमांना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची मर्यादा असते. ऑनलाइनला ती नसते, त्यामुळे सोलापुरात राहून दिल्लीच्या विद्यापीठात प्रवेश घेता येतो.

काही शाखा ऑनलाइन शिकवायला परवानगीच नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण, वास्तुकला, विधी, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट या त्यांतल्या प्रमुख शाखा. ऑनलाइन पीएच.डी.लाही मान्यता नाही. एज्युटेक कंपन्यांच्या साथीने परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पीएच.डी.ची जाहिरात होऊ लागली, तेव्हा यूजीसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता.

फोन करून ‘आजच सीट बुक करा’ म्हणणारे बहुतेक वेळा दलाल असतात. विद्यापीठाला ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीवर देता येत नाही. शुल्क फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवरून, विद्यापीठाच्याच खात्यात भरायचे. पावती एखाद्या अकॅडमीच्या किंवा व्यक्तीच्या नावाने निघणार असेल तर पैसे भरू नका.

पात्रता

पदवीसाठी मान्यताप्राप्त मंडळाची बारावी किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पदवी लागते. त्यापलीकडच्या अटी, म्हणजे किमान टक्केवारी, ठरावीक शाखा, एमबीएसाठी प्रवेशपरीक्षा किंवा अनुभव, प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत असतात. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका केली असेल तर ती बारावीसमान धरतात का, हे लेखी विचारून घ्या. निकाल लागायचा असेल तर काही ठिकाणी तात्पुरता प्रवेश मिळतो, पण ठरलेल्या तारखेपर्यंत गुणपत्रिका दिली नाही तर तो रद्द होतो.

आधीच एका नियमित महाविद्यालयात शिकत असाल तरी अडचण नाही. एप्रिल २०२२ च्या यूजीसी मार्गदर्शक सूचनांनुसार एक नियमित आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ, किंवा दोन्ही ऑनलाइन अथवा दूरस्थ, असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात. पीएच.डी.ला ही सवलत नाही. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर त्या जुळवणे मात्र तुमचे काम. प्रवेशाआधीच दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा.

एबीसी आयडी आणि डीईबी आयडी

२०२४-२५ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशासाठी भारतीय विद्यार्थ्याला डीईबी आयडी बंधनकारक आहे. तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो. एबीसी म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमची क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, जिथे जमा होतात ते खाते. हा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवर चालते. म्हणजे सगळी साखळी आधारपासून सुरू होते, आणि तुटते तीही बहुधा तिथेच.

सर्वांत आधी आधारला कोणता मोबाइल जोडलेला आहे ते पाहा. जुना क्रमांक बंद झाला असेल तर ओटीपी येणार नाही आणि पुढचे काहीच होणार नाही. मोबाइल बदलायला सहसा आधार केंद्रावर जावे लागते आणि नोंद अद्ययावत व्हायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात हे लक्षात आले तर ते सत्र हातचे जाते.

मोबाइल चालू असेल तर डिजिलॉकरमध्ये आधारने खाते उघडा आणि एबीसी आयडी तयार करा. शाळेत किंवा आधीच्या महाविद्यालयात तो काढलेला असेल तर तोच वापरायचा, दुसरा काढायचा नाही. मग डीईबीच्या विद्यार्थी पोर्टलवर एबीसी आयडी टाकून नोंदणी करा. नाव, जन्मतारीख, लिंग ही माहिती तिथे आपोआप येते, उरलेली तुम्ही भरायची. शेवटी डीईबी आयडी तयार होतो. तो विनामूल्य आहे आणि आयुष्यभर एकच राहतो. ‘आयडी काढून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. आयडीच्या पानाची पीडीएफ जपून ठेवा.

नाव जुळत नाही, ही सर्वांत मोठी अडचण

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा त्रास विशेष होतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर स्वतःचे नाव आधी असते, कधी वडिलांचे नाव गाळलेले असते, कधी नुसते आद्याक्षर. फक्त क्रम वेगळा असेल तर पडताळणी करणारे बहुधा अडवत नाहीत. स्पेलिंग वेगळे असेल, जसे एकीकडे शेवटी ‘ए’ आणि दुसरीकडे दोन ‘ए’, किंवा मधले नावच नसेल, तर अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत येतो.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज यात सर्वाधिक अडकतात. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत अर्जासोबतच जोडा, त्रुटी निघण्याची वाट पाहू नका. काही विद्यापीठे प्रतिज्ञापत्रावर भागवतात, काही राजपत्रच मागतात. एक ध्यानात ठेवा, पदवीवर छापले जाणारे नाव बहुधा पात्रता परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून घेतले जाते. म्हणून फॉर्ममध्ये गुणपत्रिकेवरचेच नाव लिहा.

आधारमध्येच चूक असेल तर ती दुरुस्त करा, पण विचारपूर्वक. आधारवरचे नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते.

कागदपत्रे

पदवीच्या प्रवेशासाठी दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सही लागते. पदव्युत्तरसाठी त्यात पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र येते. फक्त शेवटच्या सत्राची गुणपत्रिका जोडली की अर्ज हमखास परत येतो. दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून येणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आधीच्या विद्यापीठाकडून मिळायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाचे ठरताच त्यासाठी अर्ज करा. शिक्षणात खंड पडला असेल तर काही संस्था त्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. शुल्कात सवलत हवी असेल तर जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेयर, किंवा दिव्यांग प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रीमीलेयरची मुदत संपलेली नाही ना, हे पाहूनच अपलोड करा.

स्कॅन मूळ कागदाचा, रंगीत आणि चारही कडा दिसतील असा काढा. झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो बहुतेक ठिकाणी नाकारतात. फोटो आणि सहीच्या फाइलचा आकार किलोबाइटमध्ये ठरलेला असतो. तो साधण्यासाठी चित्र इतके दाबू नका की गुणपत्रिकेवरचे आकडे फुटतील. डिजिलॉकरमधून उतरवलेली गुणपत्रिका बहुतेक ठिकाणी चालते आणि तिची पडताळणीही लवकर होते.

शुल्क भरले म्हणजे प्रवेश पक्का झाला, असे समजू नका. पडताळणी होऊन पीआरएन किंवा नोंदणी क्रमांक हाती आला की प्रवेश झाला. तोवर ईमेलचा स्पॅम कप्पाही दर दोन दिवसांनी उघडून पाहा, कारण त्रुटीचे ईमेल तिथेच पडून राहतात आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते. शुल्क परताव्याचा नियम आणि त्याची तारीख पैसे भरण्याआधी वाचा.

अभ्यासाला किती वेळ लागतो

माहितीपुस्तिकेत कुठेही ठळक न लिहिलेली, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सहा सत्रांत सरासरी वीस-वीस. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. त्या हिशेबाने चार क्रेडिटच्या एका विषयाला १२० तास आणि पूर्ण सत्राला ६०० तास होतात. सत्र वीस आठवड्यांचे धरले तर आठवड्याला ३० तास. यात व्हिडिओ, वाचन, असाइनमेंट, सराव सगळे आले. रोज रात्री तासभर आणि रविवारी थोडे जास्त, असा बेत केला तर आठवड्याला दहाच तास भरतात. ज्यांना एवढाच वेळ आहे त्यांनी कमी विषयांची नोंदणी करता येते का, हे प्रवेशाआधी विचारावे. नुसते उत्तीर्ण व्हायला याहून कमी वेळ पुरतो, हे खरे. पण गणित, सांख्यिकी, लेखाकर्म अशा विषयांत तास वाचवले की पहिल्याच सत्रात विषय राहतो.

अभ्यासाचे साहित्य चार भागांत येते: व्हिडिओ व्याख्याने, वाचायचा मजकूर, चर्चामंच आणि स्वतः सोडवायच्या चाचण्या. नवे विद्यार्थी व्हिडिओ पाहतात आणि बाकीचे तीन भाग सोडून देतात. सहभागाची मोजणी मात्र चारही भागांवर होते. सत्रपरीक्षेला बसायला सहसा ७५ टक्के सहभागाची अट असते आणि प्रणाली प्रत्येक लॉगिन, प्रत्येक चाचणी नोंदवत असते. शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ दुप्पट वेगाने चालवून ही नोंद भरून निघेलच, अशी खात्री धरू नका.

गुणांची विभागणी साधारण अशी असते: अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत, सत्रपरीक्षेला किमान ७०. दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का, हे आपल्या विद्यापीठाच्या नियमांत पाहा. लागत असेल, तर परीक्षेत चांगले गुण मिळूनही असाइनमेंट न दिल्यामुळे विषय राहू शकतो.

असाइनमेंट मुदतीच्या दोन दिवस आधी अपलोड करा. शेवटच्या तासात पोर्टल संथ होते आणि ‘फाइल गेली’ असे वाटूनही ती गेलेली नसते. पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. इंटरनेटवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला तर साम्य तपासणारे सॉफ्टवेअर तो पकडते. एआयने लिहून घेतलेल्या उत्तरांबद्दल प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आहे, तो आधी वाचा.

परीक्षेचा लॅपटॉप

सत्रपरीक्षा काही विद्यापीठे केंद्रावर घेतात, काही घरबसल्या निरीक्षणाखाली. घरची परीक्षा असेल तर वेबकॅम, मायक्रोफोन, खास परीक्षेचा ब्राउझर आणि मूळ ओळखपत्र लागते. ऑफिसचा लॅपटॉप इथे दगा देतो, कारण त्यावर बाहेरचे सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते किंवा फायरवॉल कॅमेऱ्याचे प्रक्षेपण अडवते. मोबाइलवर परीक्षा अनेक ठिकाणी चालतच नाही. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर त्याची सोय परीक्षेच्या आदल्या दिवशी करण्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीलाच करा. सराव परीक्षा ठेवलेली असते, ती त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच इंटरनेटवर द्या. खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, कानात हेडफोन नको, चेहऱ्यावर पुरेसा उजेड हवा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो आणि निरीक्षक परीक्षा थांबवू शकतो.

मध्येच नेट गेले तर घाबरून ब्राउझर बंद करू नका. मोबाइलचे हॉटस्पॉट आधीच तयार ठेवा, पुन्हा जोडा आणि वेळेची नोंद करून परीक्षा मदतकक्षाकडे लगेच तक्रार नोंदवा. त्या तक्रारीचा क्रमांक हातात नसेल तर फेरपरीक्षेचा अर्ज पुढे सरकत नाही.

विषय राहिला तरी पुढच्या सत्राचे शुल्क आणि नोंदणी बहुधा वेळेतच करावी लागते. निकालाची वाट पाहत ही मुदत चुकवली तर प्रवेश खंडित होतो आणि पुनर्प्रवेशाचे वेगळे शुल्क भरावे लागते. प्रवेशाच्या दिवशीच पुढच्या सत्राच्या नोंदणीची अपेक्षित तारीख माहितीपुस्तिकेतून काढून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.