सिंकहोल की सबसिडन्स? जमीन खाली गेली म्हणजे सगळं सारखंच नसतं

दोन्हीत जमीन खालीच जाते, पण सिंकहोलमध्ये, म्हणजे अचानक पडणाऱ्या खड्ड्यात, खाली पोकळी आधीच तयार झालेली असते आणि सबसिडन्समध्ये, म्हणजे जमीन हळूहळू खचण्यात, पोकळीबिकळी काही नसतेच, जमिनीचे थर दाबले जातात. बाकीचे फरक सगळे यातूनच येतात.

सिंकहोल बहुतेक चुनखडीच्या नाहीतर मिठाच्या, जिप्समच्या भागात. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित ॲसिडिक होतं आणि चुनखडीच्या भेगांत शिरून हजारो वर्षं दगड विरघळवत बसतं. मग वरची माती हळूहळू त्या पोकळीत गळायला लागते, वर रस्ता, घर, झाडं सगळं जिथल्या तिथे, कुणाला पत्ताच नाही, आणि छत पातळ झालं की काही तासांत धप्प! १९८१ च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या विंटर पार्कमध्ये असा साधारण १०० मीटर रुंद खड्डा पडला, त्यात एक घर गेलं आणि गॅरेजमधल्या पोर्शे गाड्यासुद्धा. आता तिथे तळं आहे.

सबसिडन्सचे असे फोटो मिळत नाहीत म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण माझ्या मते जास्त नुकसान तोच करतो. चिकणमातीच्या कणांमधलं पाणी वरचं वजन पेलत असतं, ते उपसलं की थर दबतो, आणि नंतर कितीही पाऊस पडला तरी तो बराचसा दबलेलाच राहतो. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ मध्ये एका ठिकाणी जमीन जवळपास ९ मीटर खाली गेली, शेतीसाठी उपसा करून करून. मेक्सिको सिटी तर जुन्या तळ्याच्या गाळावरच उभी आहे, म्हणून तीही खचतेय. टोकियोने मात्र उपशावर बंधनं घातली आणि तिथलं खचणं बरंच थांबलं.

गंमत म्हणजे उपसा सिंकहोललाही कारण ठरतो, कारण पोकळीतलं पाणी गेलं की छताचा आधारच जातो.

आणि २०१० चा ग्वाटेमाला सिटीचा तो फेमस गोल खड्डा? सगळे सिंकहोल म्हणतात, पण तिथे चुनखडी विरघळली नव्हती, ज्वालामुखीची भुसभुशीत राख पाण्याने वाहून गेली, बहुतेक फुटक्या ड्रेनेजमुळे.

सबसिडन्स सॅटेलाइटच्या रडारवर मिलिमीटरमध्ये मोजता येतो. सिंकहोलच्या बाबतीत भिंतीला नवीन तिरक्या भेगा, अचानक अडकणारी दारं, कलणारे खांब, विहिरीला गढूळ पाणी, बहुतेक वेळा एवढंच हातात असतं, आणि कधीकधी तेही नाही.