मॉड-निर्मिती (युरोपा युनिव्हर्सॅलिस ४)

पॅराडॉक्स या कंपनीच्या ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ (२०१३) या ऐतिहासिक डावपेचांच्या संगणक खेळात चाहत्यांनी केलेल्या बदलांच्या संचाला मॉड म्हणतात. मूळ खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होऊन १८२१ मध्ये संपतो. देश, प्रांत, धर्म, घटना हे सारे साध्या मजकूर-फाइलींत लिहिलेले असल्याने प्रोग्रॅमिंग फारसे लागत नाही. कस लागतो तो या फाइली एकमेकींशी जुळत्या ठेवण्यात.

नवशिक्याने नकाशाला हात न लावता एखादा देश घालून सुरुवात करावी. देशाला तीन रोमन अक्षरांची खूण, म्हणजे टॅग, लागतो. ‘कॉमन’ फोल्डरमध्ये टॅगची नोंद आणि देशाची फाइल (रंग, राजांची, सेनापतींची व जहाजांची नावे), ‘हिस्टरी’मध्ये राज्यपद्धती, संस्कृती, धर्म, राजधानी, आणि १२८ × १२८ पिक्सेलचा, टीजीए या चित्रप्रकारातला ध्वज एवढे किमान हवे. ‘सीओएन’ हा टॅग घेऊ नये. विंडोजने ते नाव राखून ठेवलेले असल्याने त्या नावाची ध्वजाची फाइलच बनत नाही. ‘एएनडी’ आणि ‘एनओटी’ हे तर स्क्रिप्टमधले तर्कशब्दच आहेत.

प्रांताच्या इतिहासाच्या फाइलीत मालक, प्रत्यक्ष ताबा असलेला देश आणि हक्क (कोअर) या तिन्ही ओळी लिहाव्यात. फक्त मालक बदलला तर प्रांत परक्या सैन्याने व्यापलेला दिसतो. हक्काची ओळ लिहायची राहून गेली तर नवे राज्य पहिल्याच दिवशी अतिविस्ताराच्या (हक्क नसलेले प्रांत बाळगण्याच्या) दंडाखाली येते. तारखांच्या नोंदी क्रमाने लागू होतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४.६.६ असा लिहून बदल दिले, पण फाइलीतल्या त्यानंतरच्या जुन्या नोंदी तपासल्या नाहीत, तर पुढच्या तारखेला सुरू केलेल्या डावात त्या नोंदी आपले काम पुसून टाकू शकतात. या खेळात लीप वर्ष नाही, हेही ध्यानात असावे.

पडद्यावर दिसणाऱ्या नावांच्या वायएमएल (.yml) फाइली यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात, बीओएमसह (फाइलीच्या आरंभीची अदृश्य खूण) जतन कराव्या लागतात; बीओएम सुटला की पडद्यावर नावाऐवजी नुसता टॅग दिसतो. देवनागरी मात्र चालत नाही. फाँट बिटमॅप, म्हणजे अक्षरांची तयार चित्रे, आहेत आणि मात्रा-जोडाक्षरे जुळवण्याची सोय इंजिनात नाही, त्यामुळे मराठी नावेही रोमन लिपीतच द्यावी लागतात. मराठी मॉडकर्त्यांना सर्वाधिक खटकणारी उणीव हीच.

नकाशा हे सर्वांत चिवट काम. प्रांतांचे चित्र ५६३२ × २०४८ पिक्सेलचे, २४ बिटचे, बीएमपी या प्रकारातले असते आणि प्रत्येक प्रांताला स्वतंत्र रंग असतो. रंगवायला कडा मऊ न करणारी पेन्सिलच वापरावी. ब्रशने सीमेवर मिश्र रंगांचे पिक्सेल पडतात आणि ते यादीतल्या कुठल्याच प्रांताचे नसतात. गिंप या चित्र-संपादकातून जतन करताना रंगावकाशाची माहिती न लिहिण्याचा पर्याय निवडावा. प्रांत वाढवले की कमाल प्रांतसंख्या शेवटच्या क्रमांकाहून एकाने जास्त ठेवावी.

महिरपी कंस बंद करायचा राहिला तर पुढचा सारा मजकूर त्याच कंसात गिळला जातो, म्हणून चूक एका ओळीत आणि परिणाम भलतीकडेच दिसतो. प्रत्येक छोट्या बदलानंतर खेळ चालवून ‘एरर.लॉग’ ही चुकांच्या नोंदीची फाइल वाचावी. मूळ फाइल त्याच नावाने मॉडमध्ये ठेवली तर ती पूर्णपणे बदलली जाते आणि खेळाची नवी आवृत्ती आली की तिच्यातल्या सुधारणा आपल्या जुन्या प्रतीत येत नाहीत. म्हणून जिथे भर घालून भागते तिथे वेगळ्या नावाची फाइल करावी.